नाताळची पंगत

वृद्धाश्रमातली रात्रपाळी संपवून ब्रॉनविन घरी आली आणि बूटही न काढता लेकीला, टेसला घेऊन चर्चच्या हॉलवर निघाली. ज्यांचं कुणी नाही, त्यांना तिथे नाताळचं जेवण वाढतात.

"नुसती भेटवस्तू उघडत बसू नकोस. दुसऱ्यासाठीही काही करायला शिक," ती वाटेत बजावत होती.

ऑस्ट्रेलियातल्या टाउन्सव्हिलच्या डिसेंबरच्या उन्हाळ्यात हॉलचा पत्रा तापला होता. दारातल्या म्हातारीने ब्रॉनविनचा चेहरा पाहिला आणि पटकन खुर्ची ओढली. "बस गं बाई. पोटभर कधी जेवली होतीस शेवटचं?"

ब्रॉनविन ओशाळली. "नाही हो, आम्ही दोघी इथे मदतीला..." बोलता बोलता ती खुर्चीत बसलीच.



"आई जेवायलाच आलीय," टेस म्हातारीला म्हणाली, "वाढायला मी आलेय."