क्रमानं उत्तरं

"साखर नको," किल्ल्याच्या दारात ताउनो म्हणाला.

काइसूनं आजूबाजूला पाहिलं. तिथं कॉफी नव्हती, कप नव्हता, साखर तर नव्हतीच. समोर लाल विटांची भली थोरली भिंत होती आणि बाजूला वानाया सरोवर पसरलं होतं. काइसूच्या मनात आलं, माणूस चांगला आहे, पण वय झालं बिचाऱ्याचं.

दोघांची ओळख गेल्या वर्षीची. लापेनरांतामध्ये, सरोवराकाठच्या नाचाच्या मंडपात, मध्य-उन्हाळ्याच्या सणाला. दोघांचेही जोडीदार गेलेले. काइसू पूर्वेकडच्या कारेलिया प्रांतातली, म्हणजे तोंडाला कुलूप नाही. ताउनो हॅमे प्रांतातल्या हॅमेनलिन्नाचा, म्हणजे कुलूपच कुलूप. त्या रात्री प्रत्येक वॉल्ट्झला ती बोलत राहिली आणि तो तिच्या पायावर पाय न देता नाचत राहिला. पुढं वर्षभर फोनही तसेच झाले. पलीकडून अधूनमधून श्वास ऐकू यायचा, तेवढ्यावर तिनं माणूस शाबूत असल्याचं ओळखायचं.

आज मात्र ती पहिल्यांदाच त्याच्या गावी आली होती आणि काम घेऊन आली होती. मुलगी टाम्पेरेला बोलावत होती. घर विक, नातवंडांजवळ येऊन राहा, उद्यापर्यंत काय ते सांग. काइसूला नातवंडं आवडत होती. पण तिला ताउनो जास्त आवडत होता, आणि आपण आवडतो की नाही हे त्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय तिला उद्याचा फोन करता येणार नव्हता.

सकाळी ताउनोच्या बहिणीकडे, हिल्काकडे, कॉफी झाली होती. काइसूनं स्वतःच्या हातच्या भात भरलेल्या कारेलियन पोळ्या आणल्या होत्या. "साखर घेतोस ना रे?" असं ताउनोला विचारत तिनं त्याच्या कपात दोन खडे टाकलेसुद्धा. त्यानं ती कॉफी तोंड वाकडं न करता संपवली. निघताना वाटेत तिनं विचारलं, "एवढा दगड पडलाय सगळ्या देशात, मग तुमचा किल्ला विटांचा का रे?" यावर ताउनोनं आभाळाकडे पाहिलं.

तटाखाली पाण्याजवळ आल्यावर काइसूनं मन घट्ट केलं.

"ताउनो, आपण लग्न करूया का?"

ताउनोनं तोंड उघडलं. काइसूला ती शांतता सोसेना. "नाही म्हणजे, घाई नाही हं. ती बदकं बघ कशी रांगेनं निघालीत! तुला गार नाही वाजत? माझ्या नवऱ्याला फार वाजायचं. तुझ्या घराचं छप्पर गळतं का रे?" ताउनोनं तोंड मिटलं. मग दोघं गावभर फिरली. चर्च पाहून झालं, चौकातल्या बाजारात मटार घेऊन उभ्या उभ्या सोलून खाल्ले. ती बोलली, तो चालला. तिच्या प्रश्नाचं नावही कुणी काढलं नाही.

संध्याकाळी स्टेशनावर काइसूला रडू फुटायच्या बेतात होतं. हिल्का वेलदोड्याच्या पावांची पिशवी घेऊन निरोपाला आली होती. तिला बाजूला घेऊन काइसू म्हणाली, "तुझ्या भावाला सरळ विचारलं गं मी, लग्न करू या का म्हणून. हूं नाही की चूं नाही. नको असेल तर नको म्हण, बाबा! दगडाला विचारलं असतं तर त्यालाही पाझर फुटला असता."

"कधी विचारलंस?"

"दुपारी!"

"आजच दुपारी?" हिल्का थक्क झाली. "अगं, मग एवढी ओरडतेस कशाला? आमच्या हॅमेत घाई फक्त आग लागल्यावर करतात. तीही आधी नीट पेटू देतात."

तेवढ्यात गाडी आली. ताउनोनं तिची बॅग उचलून डब्याच्या पायरीशी ठेवली, घसा खाकरला आणि म्हणाला, "चिकणमाती जवळ होती. म्हणून विटा."

काइसूचा एक पाय पायरीवर, एक फलाटावर. "काय बोलतोय हा?"

"उत्तर देतोय," हिल्का म्हणाली. "लहानपणापासून असाच आहे. पण क्रमानं देतो हो. एकही गाळत नाही."

काइसूच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. साखर नको. विटा. आणि विटांच्या पाठोपाठ तिनं त्याला विचारलं होतं ते...

तिनं पायरीवरचा पाय काढून घेतला. बॅग ओढून बाकावर बसली. दारं लागली, गाडी गेली. हिल्कानं पावांची पिशवी दोघांच्या मध्ये ठेवली आणि शहाण्यासारखी घरी निघून गेली.

आणि मग काइसूनं जन्मात कधी केलं नव्हतं ते केलं. ती गप्प बसली. पाऊस येणार का, पुढची गाडी कधी, तू पाव खाणार का, हे सगळं ओठांशी येऊन परत गेलं. एक शब्द निघाला तर आणखी एक प्रश्न रांगेत उभा राहील याची तिला धास्ती वाटत होती. उत्तरेकडच्या उन्हाळ्यातला सूर्य मावळायचं नाव घेत नव्हता. एक मालगाडी येऊन गेली.

शेवटी ताउनोनं तोंड उघडलं.

"हे मी तुला विचारलं होतं," तो म्हणाला. "गेल्या वर्षी. मंडपात, दुसऱ्या वॉल्ट्झला. तू बोलत होतीस."

काइसूनं मधली पिशवी उचलून मांडीवर घेतली.

"मग उत्तर आलं नाही. म्हटलं, बाई विचार करतेय. करू दे. घाई कशाला करायची."