हेशन बाईंची थोरली

या, जरा जवळ सरकून बसा. गोष्ट छोटीच आहे, पण मान खाली घालून ऐकायची आहे.

आयर्लंडमध्ये, डब्लिनच्या संसदेत त्या सकाळी समितीपुढे एक विधेयक होतं. राज्याचं वंशावळींचं आणि कुलचिन्हांचं दप्तर नव्या कायद्यात बसवायचं होतं. नवव्या कलमाने दप्तरातली आजवरची प्रत्येक वंशावळ कायमची खरी ठरणार होती. पुढे कुणाला तक्रार करता येणार नव्हती. साक्षीला बोलावले होते म्हातारे मालाकी डिव्हेन. चाळीस वर्षं त्यांनी तिथे वंशावळी लिहिल्या होत्या.

"मालाकी, नुसतं 'हरकत नाही' म्हणा," अध्यक्ष टूही बाई म्हणाल्या, "की सूप निवायच्या आत आपण सगळे सुटलो."

"आणि जपून हं!" खासदार केसी ओरडले. "तुमच्या दप्तरानेच माझा पणजा राजवंशात बसवलाय. हरकत काढलीत तर मी पुन्हा गवळ्याचा पोरगा!"

सगळे हसले. मालाकींनी टेबलाची कड धरली.

"हरकत आहे. एक वंशावळ खोटी आहे, मीच लिहिलेली. मेयो परगण्यातल्या हेशन बाईंची. त्यांनी सहा लेकरं सांगितली, मी पाच लिहिली. थोरली लग्नाआधीची. नन्सच्या आश्रमात जन्मली, तिथूनच कुणीतरी दत्तक घेऊन गेलं."

"घरच्यांनीच गाळायला सांगितलं असेल," टूही बाई हळूच म्हणाल्या.

"कुणीही नाही. आईने तर तिचंच नाव आधी सांगितलं होतं. मलाच वाटलं, भिंतीवर लावायचा कागद, बरं नाही दिसणार. कागद हातात दिला तेव्हा त्या माउलीने एकेका नावावर बोट ठेवत वाचलं. पाच झाली. मग मला म्हणाली, 'चहा घेणार ना, साहेब?'"

केसींनी नजर खाली वळवली.

"ती थोरली उद्या आईचा माग काढत आली," मालाकी म्हणाले, "तर हे कलम तिला सांगेल, तू नाहीसच."

टूही बाईंनी चिटणिसाला खूण केली. "ही वंशावळ वगळा. दुरुस्त करून घेऊ. मालाकी, तिचं नाव?"

मालाकींनी तोंड उघडलं. मार्टिन, डेलिया, पॅडी, ॲग्नस, जॉन. पाची नावं जिभेवर येऊन उभी राहिली. सहावं काही येईना. चिटणीस पेन टेकवून थांबला होता.

मंडळी, देवापुढे बसाल, आपल्या माणसांची नावं घेऊन होतील, तेव्हा लगेच उठू नका. हेशन बाईंची थोरली राहिलीय. तिला आठवा.