खरी मोजणी

न्हाव्याची बायको पहिल्याच फटक्यात नगरसेविका झाली आणि न्हाव्याच्या पोटात दुखू लागलं. तो स्वतः निवडणुकीत दोनदा पडला होता. “मोजणीत घोळ झाला” असं गिऱ्हाइकांना ठासून सांगायचा. आता तीच गिऱ्हाइकं विचारायची, “मॅडम कशा आहेत?” त्याला कुणी विचारेना. एकदा त्याच्या बायकोकडून हरलेला उमेदवार दाढीला बसला नि म्हणाला, “नवराच घोळ झाला म्हणाला, तर लोक मानतील. नाहीतर चूल सांभाळणाऱ्या बाईला मतं कोण देतं?” न्हाव्याचा वस्तरा गालावर थबकला. हो म्हणायला जीभ वळवळत होती. तरी तो म्हणाला, “मोजणी खरी आहे, साहेब. मी पडलो तेव्हाही खरीच होती.” त्यानं उरलेली दाढी पुरी केली. संध्याकाळी बायको सभेहून आली, तेव्हा त्यानं पहिल्यांदाच तिला ताट वाढलं. अभिनंदनाचा शब्द मात्र अजूनही तोंडातून फुटेना.