डोंगरामागचा चंद्र

चीनमधल्या जिंगदेझेन गावात चिनी मातीचे कंदील रंगवता रंगवता माझे केस पिकले, पण फंग उस्तादांच्या तोंडून कधी "बरं" निघालं नाही.

यंदा कंदिलावर नदी काढली, बगळे काढले, आणि हुक्की आली म्हणून डोंगरामागून डोकावणारा कवीही काढला, हुबेहूब माझ्या चेहऱ्याचा.

बायको म्हणाली, "अहो, आभाळात भोपळा कशाला?"

भट्टीत जायच्या आधी कच्च्या मातीवरून मी तो चेहरा खरवडून टाकला.

कंदिलांच्या सणाला आत दिवा लावला. उस्ताद बघत राहिले. "बगळे कसले, कोंबड्या आहेत नुसत्या! पण तो डोंगरामागचा चंद्र... वा!"

 

चंद्र मी काढलाच नव्हता. खरवडून माती पातळ झाली होती, म्हणून मला जिथून हाकललं, नेमका तिथेच उजेड पडला होता.