टोपी बरोबर बसली

"अर्ज तिन्ही वेळा टपालातच हरवला?" कॉर्लिसनं विचारलं.

टेबलापलीकडे तुरुंगाच्या पांढऱ्या कपड्यांत बसलेला तिचा बाप, ओडेल, नातीकडे बघून गाल फुगवत राहिला. दोन वर्षांची जूनी हसली नाही. आईच्या गळ्याला मिठी मारून नुसती बघत राहिली.

"बाबा, मिसेस टॉलिव्हरच्या खुनाच्या पुराव्याची खोकी सापडलीत. एकोणीस वर्षांनी, कोर्टाच्या तळघरात. त्यात दुसऱ्याच कुणाचा डीएनए निघाला तर तू सुटशील. वकीलबाई फुकट लढतायत. तुला फक्त अर्जावर सही करायचीय."

"अगदी आईसारखी उलटतपासणी घेतेस. आधी बर्गर तरी आण."

कैद्यानं खुर्चीवरून उठायचं नाही असा नियम. कॉर्लिसच उठली. कोपऱ्यातल्या मशीनमध्ये नाणी टाकून बर्गर काढला, गरम केला, पण तेवढ्यातही दोनदा मागं वळून बापाकडे बघितलं. सही टाळतो त्याला निकाल माहीत असतो, असं तिचा नवरा परवा म्हणाला होता. ती त्याच्यावर खूप ओरडली होती. तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून जात नव्हतं.

ती येऊन बसल्यावर ओडेलनं आवाज खाली आणला. "काय तपासणारेत?"

"टोपी. खुनी तिथं टाकून पळाला, ती."

"ती माझ्या डोक्यावर होती."

जूनीची पाठ थोपटणारा कॉर्लिसचा हात थांबला.

"खटल्यात, पोरी! अशी बघू नकोस. सरकारी वकिलानं भर कोर्टात ज्यूरीसमोर माझ्या डोक्यावर चढवली. म्हणे, बघा, कशी बरोबर बसली! बाराही जणांनी माना हलवल्या. मी घामानं निथळत होतो. आता तिच्यात माझा घाम नाही तर काय पाद्र्याचा सापडणार?"

"मग हे वकीलबाईंना कळवायचं ना!"

"इथून जाणारं पत्र कोण कोण वाचतं, ते तुला काय माहीत?"

आई अधूनमधून त्या टोपीवरून सरकारी वकिलाला शिव्या घालायची, ते कॉर्लिसला आठवलं. तिला एकदम हलकं वाटलं. रडायलाच आलं. बाप घाबरला होता, एवढंच. लपवत नव्हता.

"टोपी राहू दे मग," ती डोळे पुसत म्हणाली. "मिसेस टॉलिव्हरनं खुन्याला ओरबाडलं होतं. तिच्या नखांखालचा मळ जपून ठेवलाय. तो तपासायला सांगू. नखांना काही कोर्टात तुझा हात लावला नव्हता."

ओडेलनं बर्गरचा घास घेतला. चावला. परत चावला. गिळला, पाणी प्यायला, रुमालानं ओठ टिपले.

"होऊ दे तेही," तो म्हणाला. "सांग बाईंना. या वेळी कागद हरवायचा नाही."

मग तो पुन्हा जूनीकडे बघून गाल फुगवू लागला.

त्या घासाला जरा जास्तच वेळ लागला, असं कॉर्लिसला वाटलं. चिवट असेल बर्गर. मशीनमधले असतातच तसे.

बाहेर उन्हानं गाडी तापली होती. तिनं जूनीला मागच्या खुर्चीत बसवून पट्टा लावला, तो नीट लागलाय की नाही हे दोनदा ओढून बघितलं आणि पुढं येऊन बसली. तोच फोन वाजला.

"काय म्हणाले वडील?" वकीलबाईंनी विचारलं. "काय काय तपासायचं त्याची यादी आणि सही सोमवारपर्यंत न्यायाधीशांकडे गेली नाही, तर अर्ज फेटाळला जाईल. मग दुसरी संधी नाही, कॉर्लिस."

आरशात जूनी दिसत होती. पायातला बूट काढून ती त्याचा तळ चाटत होती. कॉर्लिस तिला ओरडली नाही.

"बाबा अजून विचार करतोय," ती फोनमध्ये म्हणाली.