नाळ पुरली तिथं

"वाच," पोलीस चौकीतल्या साहेबाने कागद तिच्यापुढे सरकवला.

रोशनीने कागद उचलला. तिच्या भावाने, मंगळूने, चार दिवसांपूर्वी पाठवलेली ईमेल जशीच्या तशी कागदावर उतरली होती. पासवर्ड ती दर बाजाराच्या दिवशी बदलायची, कुठे लिहून ठेवायची नाही. शहापूरच्या सायबर कॅफेत भिंतीकडचाच कॉम्प्युटर घ्यायची आणि पाठीमागे कुणी येऊन उभं राहिलं तर उठून जायची.

"पासवर्ड मी सांगणार नाय," ती म्हणाली.

साहेब हसला. "तुला विचारलाय कुणी? दिवाळीपासून तू बदललेला प्रत्येक पासवर्ड आमच्याकडे येतो. यात लिहिलंय काय, तेवढं सांग."

तेव्हा तिच्या जिवात जीव आला. अक्षरं इंग्रजी होती, पण भाषा घरची. भावाबहिणीने तसं ठरवूनच लिहिलं होतं. साल दोन हजार सहा. पाड्यावर अजून वीज धड पोचली नव्हती आणि त्यांची बोली तर कुठल्याच पुस्तकात नव्हती. साहेबाने खर्डीकडच्या एका मास्तरांना बोलावून पाहिलं. त्यांनीही मान हलवली.

"लग्नातलं गाणं हाय," रोशनी म्हणाली.

"मग म्हण."

तिने खरंच म्हटलं. हळद लावतानाचं, सगळं, शेवटच्या कडव्यापर्यंत. संपल्यावर बाई पोलिसाने तिच्या थोबाडीत दिली. पुढचे दोन दिवस तिला उभं ठेवलं. डोळा लागला की पाणी मारायचे.

तिच्या डोळ्यांपुढे मंगळूचा जोडीदार हनुमान होता. धरणाच्या मोजणीचे खुंटे उपटले ते मंगळूने आणि त्याने. हनुमान मुरबाडकडच्या खोऱ्यातला. तो आधी पोलिसांना सापडला. त्याच्या घरून मागून नेलेल्या गोधडीत गुंडाळून चौथ्या दिवशी त्याला परत आणला. कड्यावरून पडला, असं कागदावर लिहिलं होतं. गोधडीबाहेर आलेले त्याचे पाय रोशनीने पाहिले होते. एकाही बोटाला नख नव्हतं.

ईमेल तीन ओळींची होती. पाय सुजलाय. मुरबाडच्या कॅफेपर्यंत पुन्हा उतरणं व्हायचं नाही. गोळ्या घेऊन ये, माझी नाळ पुरली तिथं आहे.

कुणी उलगडलीच, तरी काय होणार होतं? पाड्यात पोराची नाळ पुरतात घरामागे, न्हाणीच्या धोंड्याशी. रोशनीची तिथेच होती. मंगळूची मात्र नव्हती. त्यांची आई, ठमी, नवव्या महिन्यात मोळीला गेली आणि रानातच तिला कळा लागल्या. एका कपारीत ती एकटी बाळंत झाली. कोयत्याने नाळ कापली, तिथेच पुरली, आणि पोर पोटाशी बांधून, डोक्यावर मोळी घेऊन घरी आली. ती कपार ठाऊक होती तिला आणि तिने दाखवली म्हणून या दोघांना.

आईला मात्र त्यांनी काहीच कळू दिलं नव्हतं. मंगळू सुरतेला कंपनीत लागलाय, एवढंच. भोळी बाई, कुणापुढे बोलून जायची.

तिसऱ्या दिवशी दुपारी साहेबाने तिला चहा दिला. "जा घरी," तो म्हणाला. "आईला भेट."

जीपने तिला पाड्याखाली सोडलं. पाडा ओस होता. दिवाळीनंतर माणसं वीटभट्ट्यांवर जायची, ती पावसाच्या तोंडावर परतायची. घरामागे न्हाणीच्या धोंड्याशी कमरेएवढा खड्डा खणलेला होता. रोशनी त्याच्याकडे बघत राहिली आणि तीन दिवसांत पहिल्यांदा तिला हसू आलं. कुणीतरी वाचलं होतं खरं, पण खणलं होतं चुकीच्या जागी.

ठमी चुलीपुढे होती. इतकी खुललेली रोशनीने तिला वर्षात पाहिली नव्हती.

"आलीस गो? साहेब म्हणत व्हते, पोरगी हापिसात लिवायला बसलीय."

"आये, हितं कोण आलंतं?"

"पोलीस. मंगळूचं पत्र घेऊन आलं. एकजण वाचीत व्हता, अडखळत, पोपटावानी, त्याला सोताला काय बी कळत नव्हतं. मला समदं कळलं. वरीस झालं गो त्याचं बोलणं ऐकून. दोनदा वाचाया लावलं मी."

रोशनीने दाराची चौकट धरली. "तू काय सांगितलंस?"

"पत्रात व्हतं ते. तर येडे न्हाणीमागं खणाया लागले. म्हटलं, अरे मेल्यांनो, ती पोरीची हाय. मंग मीच पुढं झाली. धाप लागत व्हती, तरी गेली वरपर्यंत, कपार दाखवून आली." ठमीने जाळ पुढे सारला. "तू म्हणायचीस सुरतेला. हितंच व्हता की गो तो, माझ्या हाकेवर."

"आये..."

"पाय सुजलाय ना त्याचा, चालवणार नाय. साहेबच म्हणाले, घरातली एक गोधडी द्या, तिच्यात घालून आणतो त्याला. त्याच्या लग्नासाठी शिवलेली व्हती ना, कोरी, तीच काढून दिली मी."