जमारीचं सामान

ऑगस्टच्या उन्हात कॉलेजच्या संघाबरोबर सराव करताना जमारी मैदानावरच कोसळला आणि गेला. आठवड्याने त्याची आई कॉलेजात सामान न्यायला आली. संघाच्या गोऱ्यांच्या वैद्यकीय पथकातली एकमेव काळी बाई, वर्नीता, त्याचे कपडे पिशवीत भरत होती. "शेवटच्या फोनवर म्हणाला, पाय आखडतात," आई सांगू लागली. "पण इथल्यांना वाटतं, नाटकं करतोय. म्हणाला, वर्नीताताई परतली की तिलाच सांगेन." त्या दिवसांत वर्नीताला मुलींच्या संघाबरोबर बाहेरगावी धाडलं होतं. तिचे हात थांबले. "मावशी, मी नोकरी सोडतेय. इथे उभं राहवत नाही." आईने पिशवी उचलली. खिडकीबाहेर पोरं धावत होती, बहुतेक सगळी जमारीसारखीच काळी. "सोड की," ती म्हणाली. "पण मग त्यांनी कोणाला सांगायचं?" वर्नीता डोळे पुसून मैदानावर गेली. कोच ओरडत होता, तरी तिने धापा टाकणाऱ्या पोराला थांबवलं. "बाळा, खाली बस."